नोंदवही

कॅन्ससच्या पश्चिमेला वारा कधी बसत नाही,
आणि आमच्या मैदानाला भिंत नाही, जाळी आहे.
प्रेक्षक तेवीस. त्यांतले नऊ समोरच्यांचे आईबाप,
शिवाय ब्लँकेटखाली एक कुत्रा.

मी धावा लिहिते. विद्यापीठ तासाला नऊ डॉलर देतं,
पेन्सिल माझी मला.

सातवा डाव, बरोबरी, दुसऱ्या बेसवर रोझलिन.
कोच हावलिक कानाची पाळी ओढते
आणि ऑड्राला कळतं:
मारायचं नाही.
उद्या आठला तिचा शरीररचनेचा पेपर आहे.
रात्रभर गुडघ्यांना बर्फ बांधून
ती पायाच्या हाडांची नावं घोकत होती.
चार वर्षांतला हा शेवटचा चेंडू,
हेही तिला पाठ.

बॅट आडवी केली. चेंडू नुसता टेकवला,
झोपलेलं पोर खाली ठेवावं तसा.
ती बाद. रोझलिन तिसऱ्यावर.

मग रोझलिन घरी पोचली का? पोचली.
सगळ्या तिच्या अंगावर पडल्या.
ऑड्रा डगआउटमध्ये बर्फाची पिशवी शोधत होती.

अशा खेळीला वहीत वेगळी खूण असते.
सरासरीत ती धरत नाहीत,
बाई खेळायला आलीच नव्हती, असा हिशेब.

मी खूण जरा दाबून काढली.
मागच्या कोऱ्या पानावर उमटली.