पुरं वाक्य

ग्रिम्सबीच्या गोदीमागे, बंद पडलेल्या बर्फाच्या कारखान्यावर
दर मंगळवारी सात वाजता माझा वर्ग भरतो.
विद्यार्थी सहा. हीटर एक, तोही रुसका.
आल्विन थर्कल पुढच्या बाकावर, कमी ऐकू येतं म्हणून.
जन्म ट्रॉलरवर गेला. शाळा बाराव्या वर्षी सुटली.

एका दिवसाबद्दल लिहून आणा, म्हटलं होतं.
त्यानं दीड पान आणलं, पूर्णविराम औषधालाही नाही:

पहाटे चारला जाळं ओढत होतो आणि वारा ईशान्येचा
आणि नेव्हिलनं चहा आणला त्यात साखर नव्हती
मी शिवी हासडली, तो हसला, मी विंचकडे वळलो,
मागे पाहिलं, नेव्हिल नव्हता, मग आम्ही मासळी
खाली भरली आणि फॅरोकडे निघालो आणि
त्या खेपेला हॅडक बरा मिळाला आणि

मी फळ्यावर लिहिते:
दोन पुरी वाक्यं नुसत्या स्वल्पविरामानं जोडू नयेत.
जोडलीत तर...
“सुतळीनं नांगर बांधायचा,” आल्विन म्हणतो.
माझ्याजवळच्या चारही व्याकरणांत हे नाही.

उपाय सांगते. मध्ये ‘आणि’, ‘पण’ घाला.
“आणि तर भरपूर घातलेत.”
मग अर्धविराम.
तो चष्मा वर करून बघतो:
“टिंबही, शेपूटही? ह्याचं अजून ठरलेलं दिसत नाही.”
मागे मिसेस ओकाफोर इतकी हसते की थर्मास कलंडतो.

बरं, कर्ते शोधा, म्हणते. प्रत्येकाखाली रेघ मारा.
कर्ता बदलला की सावध व्हा.
पेन्सिल सरकते. मी. तो. मी.
चौथी रेघ मारायला वेळ लागतो.

“नव्हता, हे क्रियापद?”
हो.
“म्हणजे नेव्हिल नव्हता, एवढंच... हे पुरं?”
पुरं.
“पुढे काही लागत नाही त्याला?”

व्याकरणाच्या दृष्टीनं नाही, असं मी म्हणते,
आणि म्हणून झाल्यावर खडू कुठे ठेवावा कळत नाही.

त्यानं टिंब दिलं.
एवढं दाबून की खालच्या कोऱ्या पानावरही उमटलं.

“‘मग’नं वाक्य सुरू केलेलं चालतं?”
चालतं, आल्विन.
“आज नको,” तो म्हणाला,
आणि साडेआठची बस असूनही
कोट न घालता बसून राहिला.