तोंड तेवढं

बोधडीच्या घरात, मागच्या खोलीत
बाबा आधी बल्ब घालवायचे.
उजेडात पितळ खोटं बोलतं, म्हणायचे,
आणि मला दाराच्या फटीला पाठ लावून
उभं करायचे.
चांदणंही चालायचं नाही त्यांना.

परातीत दोन बोटं पाणी,
पाण्यात काडतुसांच्या अकरा रिकाम्या पुंगळ्या,
बुडं भिजलेली, तोंडं वर,
खिचडीच्या रांगेतल्या पोरांसारखी.
बारावी मागच्याच मोसमात तडकली होती.
केसाएवढी चीर.
नखानं दाखवली होती त्यांनी:
"हे बघ. दर बाराला फुगायचं,
दर येळी ठोकून आत घ्यायचं.
पितळ मार इसरत न्हाई, पोरी.
साठवतं. मग एक दिवस फाटतं."

वायरमनकीच्या काळातला ब्लोलॅम्प,
रेशनचं रॉकेल,
सतरा-अठरा दट्टे, एक शिवी,
मग निळी जीभ बाहेर यायची.
ती एकेका तोंडाशी नेत
बाबा मोजायचे.
आकडे नाही, ठेसनं:
भोकर… हिमायतनगर… सहस्रकुंड… बोधडी.
बोधडी आली की उतरायचं.
तोवर कडेला रंग धरलेला असायचा,
पेटत्या नाही, विझत्या बिडीचा.
आईच्या स्वेटरच्या सुईनं पुंगळी आडवी.
चुर्र.

"धानोऱ्यापर्यंत गेलीस तर कामातून गेलं.
आन् तोंड तेवढंच. बूड कडकच पायजे.
बूड मऊ पडलं
तर बार आपल्याच थोबाडावर."

चुलीकडून आई:
"एकदा तुमच्या तोंडाला बी लावा की ती आग."
हसले नाहीत बाबा.
तिच्याशी ते बोलायचे
लाईन बंदची नोटीस वाचल्यासारखे:
जेवायला वाढ. दार लाव.
नाव कधी नाही.

डुकरं मक्यात यायची रात्री, माळावरून.
बाबा माळ्यावर बसून आभाळात बार काढायचे.
एकही डुक्कर मेलं नाही.
मका वाचला, काही वर्षं.
सकाळी मी पुंगळी ओठाशी धरून फुंकायची.
कोळशाचा वास, आणि आत
लांबच्या गाडीची शिट्टी.

निवडणुकीला एकनळी ठाण्यात जमा केली
ती आणायला ते गेलेच नाहीत.
त्याच आठवड्यात डावी बाजू गेली.
पावती पंचांगात आहे अजून,
नागोरावच्या जागी नागराव लिहिलेली.
जमादार म्हणाला, आता कुणाच्या नावावर करता?
मी म्हटलं, बघू.

तोंड मऊ पडलं त्यांचं.
इतकं, की पेजेचा ओघळ
हनुवटीवरून माझ्या मनगटावर यायचा.
आणि आता ते तिला नावानं हाक मारतात.
धु… रप… ते…
पार मुदखेडहून निघते ती हाक.
आई वाट बघते ती पोचेपर्यंत.
पदर वगैरे लावत नाही डोळ्याला.
"काय हाय ते बोला बिगीनं, दूध उतू जायलंय."

परवा संध्याकाळी त्यांनी उजव्या हातानं
कपाटाकडे दाखवलं, मग परातीकडे.
औषध म्हणून गोळ्या आणल्या, तर मान हलवली.
शेवटी ध्यानात आलं.
पाणी घातलं दोन बोटं.
अकरा मांडल्या. तोंडं हिरवट पडलेली.
आग नव्हतीच करायची,
तरी सवयीनं मी बल्ब घालवला
आणि दाराला पाठ लावली.

अंधारात बराच वेळ काही नाही.
मग टप्.
पाण्यात एक आडवी झाली.
चुर्र नाही, वाफ नाही.
"कुठवर आली गाडी, बाबा?"
बोलले नाहीत.
ओठ हलत असावेत, दिसत नव्हतं.
चुलीकडे आई भांडं खाली ठेवून
थांबलेली.
टप्.