नवतपात स्वेटर

बायकोनं डिकीत स्वेटर कोंबला,
शेजारच्या पोरी खुदखुदल्या.
बाहेर शेहेचाळीस. अर्जुनीच्या रस्त्याचं डांबर
टायरला धरून ठेवतं.
तलावाचं पाणी पाळीपासून पार दूर गेलेलं.

मच्छी सोसायटीच्या दारात तुळसाबाई मारबते,
कमरेला किल्ल्या, काखेत रजिस्टर.
"बरफाच्या खोलीत बरफ झाला जी,
असं फोनवर सांगाची मले लाजच वाटली."

लाज कशाची.
बर्फ मासळीत हवा, कॉइलवर नको,
एवढंच माझं शिक्षण.

आत उणे नऊ. हवं उणे अठरा.
पंखे फिरतात, वारा येत नाही,
ग्रामसभेत माइकचा लाल दिवा लागलेला असतो
आणि आवाज नसतो, तसं.
फिन्समधून पोस्टकार्डही जाणार नाही.
रोहू, कतला, वरच्या क्रेटमधली मरळ
डोळे उघडे ठेवून बघतायत.

"हातोडी आणू का?" रोशन विचारतो.
याच प्रश्नाला शब्बीरभाईंनी मला कानाखाली दिली होती,
कामठीत, आइस्क्रीमवाल्याकडे. एकोणीस वर्षांचा होतो.
आत तांब्याची शीर आहे बेटा, म्हणाले,
बर्फाला फोडू नको, जाऊ दे.

पंख्यांचा स्विच पाडला.
हापशीचं पाणी, बादलीमागून बादली.
दीड तास. बोटं माझी आहेत का, ते दातांनी तपासलं.
हीटरच्या तिन्ही कांड्यांना क्लॅम्प मीटर लावला:
तिन्ही जिवंत.
ड्रेनची नळी मोकळी, उतार बरोबर,
बाहेरचं वाकण जसं ठेवलं होतं तसं.
मीच बसवलं होतं हे, दिवाळीनंतर.
दुसऱ्याचं असतं तर चूक लवकर सापडली असती.

मग पॅनल उघडलं.
मोबाइलमध्ये पावणेचार.
टायमरच्या डायलवर साडेबारा.

लाईन गेली की हे घड्याळ थांबतं.
आली की जिथं थांबलं तिथूनच निघतं,
मधल्या वेळाची चौकशी करत नाही.
पहाटे चारची पिन मी लावली होती,
गाव झोपेत, दार बंद म्हणून.
ती आता सव्वासातला लागते,
जेव्हा दार सताड उघडं,
टोपल्या आत येतायत, तलावाची ओली हवा त्यांच्या मागोमाग,
आणि पंखे बंद, कांड्या लाल.

सव्वातीन तास मागे.
की एक दिवस सव्वातीन तास?
की वीस दिवस?
डायल गोल आहे, दिवस मोजत नाही.

"थांबा जी," तुळसाबाई म्हणाल्या.
रजिस्टर मागच्या बाजूनं उघडलं.
लाईन गेली, लाईन आली.
तारीख, वेळ, सही. कार्तिकापासून आजपर्यंत,
निळ्या शाईत, मग काळ्या, मग पोराच्या स्केचपेननं.
कंपनीच्या ऑफिसात तीनदा नेलं होतं.
"बाई उगाच लिवते म्हने."

आम्ही फ्रीझरच्या उंबऱ्यावर बसून बेरीज केली,
पाठ गोठलेली, गुडघे भाजलेले.
नऊ दिवस, तीन तास, पाच मिनिटं.
दहा मिनिटांचा फरक,
तो माझ्या नजरेचा धरा.

मी डायलला बोट लावलं
तर त्यांनी मनगट पकडलं:
"सरळ नोका करू. पयले फोटू काढा."
रोशननं काढला. डायल, बाजूला वही,
कोपऱ्यात माझा स्वेटरचा हात.

मग हातानं एकदा डीफ्रॉस्टवर फिरवलं.
जळक्या धुळीचा वास.
भिंतीपलीकडे नळीतून थेंब, मग धार,
एक बकरी येऊन उभी राहिली.
घड्याळ लावलं. म्हणालो, बॅटरीचा टायमर घ्या.
म्हणाल्या, ठराव लागंन.

चहा आला आणि लाईन गेली.
कॉम्प्रेसर गप्प झाला
तशी तलावावरची टिटवी ऐकू आली.
तुळसाबाईंनी पेनाचं टोपण दातांनी काढलं.
"चार सेहेचाळीस."
मी टॉर्च मारला.
डायल म्हणाली, पावणेपाच.