आठवा नट

उद्यमनगरात, लेथांच्या रांगेमागं,
इलाही शिकलगारच्या पत्र्याच्या शेडात
आमची डुक्कर फियाट बॉनेट उघडून उभी,
दाढ दाखवायला आलेल्या म्हातारीसारखी.

एक्झॉस्ट मॅनिफोल्डचे आठ नट.
कुठं नट संपतो आणि कुठं स्टड सुरू होतो
हे आता फक्त गंजालाच ठाऊक.

मी पाना उचलला.
इलाहीनं तो माझ्या हातातून काढून घेतला
आणि दोन चहा सांगितले.
"आज नुसतं घासायचं, आन् तेल सोडायचं."
"आणि मग?"
"मग घरला जायाचं."

सोमवारी तेल. मंगळवारी तेल.
बुधवारी गेलो तर तो दुसऱ्याच कुणाच्या जीपखाली,
नुसता पाय हलवून म्हणाला, "सोड की तूच, पिचकारी तितंच हाय."

गुरुवारी त्यानं बत्ती पेटवली.
"नटाला द्यायची आच, स्टडला न्हाई.
नट फुगला पायजे, स्टड थंड ऱ्हायला पायजे."
लाल नाही. लालाच्या जरा अलीकडं.
मग लोडशेडिंगच्या काळातली एक वाकडी मेणबत्ती
त्यानं तापल्या नटाला टेकवली,
आणि मेण आत ओढलं गेलं
तहानेल्यानं घोट घ्यावा तसं.

पहिला नट त्यानं आधी आवळला.
हो, आवळला. केसभर.
मग उलटा, पाव फेरा. परत सुलटा. परत तेल.
कर्रर्र वाजलं की चेहरा खुलायचा त्याचा:
"वरडतोय म्हंजे जिता हाय."

दुपारपर्यंत सात निघाले.
घाम पुसत त्यानं विचारलं, "कुणी बसवलंतं हे?"
"वडलांनी. अठ्ठ्याऐंशी साली, अंगणात."
"पान्याला पाइप लावून आवळलंय बग."

लावलाच असणार.
आमच्या घरात लोणच्याची बरणी
आईला कधी उघडली नाही.
नळ दर महिन्याला वॉशर खायचा.
मला शाळेला धाडताना त्यांनी बांधलेली बुटाची नाडी
संध्याकाळी कात्रीनंच सुटायची.

आठवा मागं होता, डॅशबोर्डच्या पत्र्याकडं,
दिसत नाही तिथं.
इलाहीचा पंजा जाईना.
"तुझा हात बारीक हाय. घाल. डोळं मीट."

अंधारात पाना बसला.
जरा जोर. अजून जरा.
आणि मग तो आवाज आलाच नाही.
नुसतं काहीतरी मऊ येऊ लागलं हाताला,
गुऱ्हाळातल्या कोमट गुळासारखं,
फिरतंय, पण सुटत नाहीये.
मी श्वास धरला.
"थांब," तो म्हणाला. त्याला काही दिसलं नव्हतं.
मी थांबलेलोच होतो.

"आता नट मारायचा," तो म्हणाला.
"नट काय, कुटं बी मिळंल.
स्टड मोडला तर हेड उतरवाय लागंल,
आन् मोडका तुकडा काढताना आटं गेलं,
तर मग बस बोंबलत."
लांब छिन्नी, छोटी हातोडी,
स्टडला धक्का लागू न देता
एकाच बाजूला टक, टक, टक,
पोराला झोपवताना थोपटावं इतकं हळू.

नट उकलला. दोन फाका माझ्या तळहातावर.
बाहेरून कोळसा, पण आत
आटे लखलखीत, आणि प्रत्येक आट्याच्या तळाशी
एक काळी बारीक रेघ.

इलाहीनं चष्मा कपाळावरून खाली घेतला.
नखानं ती रेघ खरवडली, वास घेतला.
"ग्रीस. जळालंय पार.
आवळलं जनावरावानी, पर ग्रीस लावलंतं बग म्हाताऱ्यानं.
उद्या कुणीतरी सोडणार, हे म्हाईत होतं त्याला."

मी काही बोललो नाही.
शेजारच्या लेथवर कुणीतरी पितळ कापत होतं,
पिवळा कीस उडत होता दारापर्यंत.

नवे नट पितळी घेतले, ते गंजून चिकटत नाहीत.
त्यानं मला सगळ्यात आखूड पाना दिला:
"दोन बोटांनी. मनगट नगं."

दोन बोटांनीच आवळले.
ग्रीस मात्र मी जरा जास्तच लावलं.