अढी

लवू कोयंडे आमच्या पडवीच्या खोलीत भाड्याने राहायचा.
वायरमन. खांबावर चढताना
आधी खटका, मग टेस्टर, मग हात.
तेवढा सावध माणूस
गिर्येच्या सड्यावर दुसरा नव्हता.

म्हणून गडग्यात फुरसं दिसलं की लोक त्यालाच हाक मारायचे.
काठीने अलगद उचलायचा,
लांब सोडून येतो म्हणायचा.
सोडायचा नाही.

फळीवर बरण्या, वाण्याकडून आणलेल्या.
तळाला वाळू, एक खापरी, पाण्याचं टोपण,
झाकणाला तापल्या खिळ्याने पाडलेली भोकं.
मी एकदा दारातूनच विचारलं, ह्या काय रे?
"वयनी, ती गरीब आसत.
आपणहून काय करनत नाय."

गरीब.
हातभर लांब, जांभ्याच्या धुळीच्या रंगाची.
अंगावर अंग घासायची,
तापल्या तव्यावर पाण्याचा हबका पडावा
तसा आवाज कुडातून यायचा.
आठशे रुपये भाडं तो एक तारखेला द्यायचा.
मी पुढे विचारलं नाही.

चैत्र संपताना चावलं. टोपण बदलताना, तर्जनीला.
पाच वर्षं तेच टोपण, तोच हात.
"कोरडो चावो," म्हणाला, आणि जेवला. पेज, वर सुकटाची चटणी.
पहाटे चूळ भरली
ती लाल.

देवगडला डॉक्टरीणबाईंनी काचेच्या नळीत
त्याचं रक्त घेतलं, उभं ठेवलं.
वीस मिनिटं हलवायचं नाही.
मी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत बसले,
घड्याळ सात मिनिटं पुढे होतं, ते वजा करत.
मग त्यांनी नळी तिरकी केली
आणि रक्त पाण्यासारखं वाहिलं.
लशीच्या बाटल्या संपल्या.
मग कोल्हापूर.

वनखात्याची माणसं चौथ्या दिवशी आली, चिमटे घेऊन.
पंचनामा: बरण्या अकरा, फुरशी अकरा.
मी सही केली.

वही मात्र फळीमागे राहिली होती.
शेवटचं पान, त्याचं गिचमीड अक्षर:
नंबर सात. मादी. पोट जड.
सात नंबरची बरणी मीच हातात दिली होती त्यांच्या,
हात लांब धरून.
आतलं फुरसं शिडशिडीत होतं.

फुरसं अंडी घालत नाही, पिल्लंच घालतं,
हेही मला त्या वहीत कळलं, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी.
सुतळीएवढी पिल्लं, विषासकट जन्मलेली.
आणि खिळा जाड होता.

त्या खोलीच्या कुडापलीकडे
आमच्या आंब्यांची अढी.
उलथताना हात कोपरापर्यंत पेंढ्यात जातो.
पिकलेलं फळ बोटांनाच कळतं,
काठीला कळत नाही.
तरी मी काठी घेते. फळं डागाळतात.
सुकलेला पेंढा रात्री आपोआप सळसळतो,
तव्यावर हबका पडावा तसा.
तो पूर्वीही सळसळत असणार.

तीन आठवड्यांनी लवू परत आला.
आई बरोबर होती, म्हणाली,
"मनात अढी धरू नकात, वयनी."
मी म्हटलं, मनातली राहू दे.
लवू, किती झाली असतील रे?
त्याने उजवा हात वर केला, मोजायला,
अंगठा सवयीने पहिल्या पेरावर टेकवायला गेला
आणि हवेतच राहिला.

चावा आणि पंचनामा,
मधल्या चार दिवसांत आम्ही तीस पेट्या भरल्या.
फळांचा थर, पेंढा, फळांचा थर, पेंढा.
माझ्याकडे पावती आहे,
वाशीपर्यंतची.