सतरांतल्या बारा

सकाळी आधी शीट बघते.
चहा नंतर.

त्या सोमवारी तुसावर लाल ठिपका,
रतांब्याच्या सालीएवढा.
रतांब्याचे दिवस नव्हते.

पेडणेकर डॉक्टरीण आचऱ्याहून आली. म्हणाली,
डोळ्यांना न दिसणारं काहीतरी
आतड्याची आतून सालं काढतंय.
पाच दिवस पाण्यातून औषध,
मग ही पुडी. चांगले जंतू,
वाईटांच्या आधी जागा धरून बसणारे.
एसटीत रुमाल टाकतात तसे?
"तसेच," ती म्हणाली, हसली नाही.

सासूने ओवा कुटला.
लसूण, हळद, पातळ ताक,
करवंटीचा कोळसा चाळून चिमूटभर.
एकीचा दुसरीवर विश्वास नाही;
भरडीत मात्र मी दोघींचं कालवलं.

आणि तूस? दाबला तर मुठीत गोळा.
खाडीचं वारं रात्रभर फटींतून
ओल आणून ठेवतं, आपल्याच घरात ठेवावी तशी.
"ह्यां आदी काड गो," कुंपणापलीकडून शेवंती,
"मगे काय ता भरव."
काढला. चुना टाकला. बोटं सोलली.

पाच पुरल्या, खोल,
कुत्र्यांना वास लागू नये इतक्या.

कवडी आठ दिवस पंख पाडून बसलेली.
आज उठली, भरड टोचली,
माझ्याकडे पाठ करून टाकलं तिनं:
घट्ट, करडं,
वर चुन्यासारखी पांढरी टोपी.

मी वाकून बघत राहिले.
आत चहा उतू गेला.