गंटू

बावीस वर्षं भरमाक्काचे ब्लाऊज मीच शिवते.
वडगावच्या गल्लीत मागं मागांची खडखड,
पुढं माझं मशीन.
वहीत पान एकोणीस:
छाती अडतीस, बाही सहा, गळा खोल नको.

गेल्या आषाढात टेप आवळला तेव्हा म्हणाली,
'इथं काहीतरी लागतंय गं, हरभऱ्याएवढं. दुखत नाही.'
दुखत नाही म्हणून दोघी हसलो
आणि फॉलच्या रंगाचं बोलत राहिलो.

दवाखान्यात नर्सनं विचारलं,
'गंटू यावाग नोडिद्री?'
दोऱ्याच्या टोकाला मी दिवसभर मारते ती गाठ,
कन्नडातही तीच गाठ.
भरमाक्का गप्प.
पाच महिने झाले, मीच म्हटलं.

डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत.
न दुखणारीसुद्धा दाखवायची असते, एवढंच म्हणाल्या
आणि पुढची तारीख लिहिली.

सहा सलाईन. मग ऑपरेशन.
आता ती बोटांनी भिंत चढते,
काखेतली ओढ सोसत, रोज थोडी वर.
खुणेला माझाच खडू.
डाव्या हाताला सुई नको, बीपीचा पट्टा नको,
बांगडीसुद्धा सैल.

टेप लावताना मी आता प्रत्येकीला विचारते.
काहीजणी तोंड फिरवतात.
एकीनं शिवायचं कापडच परत नेलं.

काल जुन्या वायलची पिशवी शिवली,
आत मोहरी भरली.
भरमाक्कानं तळहातावर धरून बघितली, डोळे मिटून.
'अजून मूठभर घाल,' म्हणाली,
'ती जड होती मेली.'